लघु व मध्यम उद्योगांसाठी इंटरनेट जोडणीची निवड : वेगापलीकडील निकष

सारांश

उद्योग-व्यवसायासाठी अतिवेगवान इंटरनेट जोडणी निवडताना जाहिरातीतील कमाल वेग हाच बहुधा एकमेव निकष मानला जातो. प्रस्तुत लेखात तांब्याची तार, ऑप्टिकल फायबर, समर्पित लीज्ड लाईन, बिनतारी जोडणी आणि उपग्रह या पर्यायांचे कार्य थोडक्यात स्पष्ट करून, व्यवसायाच्या दृष्टीने वेगापेक्षा अखंडितता, अपलोड क्षमता, विलंब आणि मार्गांची खरी स्वतंत्रता हे निकष अधिक निर्णायक कसे ठरतात, याचे विवेचन केले आहे. वाणिज्य, व्यवस्थापन व संगणकशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना अध्यापनात वापरता येईल असे एक गणिती उदाहरणही दिले आहे.

बीजशब्द : इंटरनेट जोडणी, ब्रॉडबँड, लीज्ड लाईन, उपलब्धता, मार्ग-स्वतंत्रता.

१. प्रस्तावना

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून मोडेमद्वारे सेकंदाला अवघे ९.६ किलोबिट इतक्या वेगानेही काम चालत असे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वा त्याहून अधिक वेगाच्या जोडणीस 'ब्रॉडबँड' म्हणावे असे ठरविले. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. आज तालुक्याच्या गावीही शंभर मेगाबिटची जोडणी ही नवलाईची बाब राहिलेली नाही. वीस वर्षांपूर्वी उद्योजकापुढे 'जोडणी मिळेल का?' हा प्रश्न होता; आता 'यांपैकी कोणती घ्यावी?' हा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल अनिवार्य झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांना लागू झालेली ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यावसायिकांपर्यंत येऊन पोहोचली. परिणामी मध्यम आकाराच्या कारखान्यातही इंटरनेट बंद पडले की भरलेला ट्रक फाटकाशी थांबतो. एखादे बिल मोबाइलवरून करता येते हे खरे. परंतु साठ्याच्या नोंदी, हिशोबाची प्रणाली आणि ग्राहकांच्या मागण्या दूरच्या सर्व्हरवर असतील, तर मोबाइलवर दिवसभराचा कारभार चालत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका कारखानदाराने ही अडचण ओळखून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर जोडण्या घेतल्या होत्या. एक बंद पडली तर दुसरी चालेल, असा त्यामागील साधा हिशोब होता. रस्ता रुंदीकरणाच्या खोदकामात एका दुपारी दोन्ही जोडण्या एकदमच बंद पडल्या. दोन्ही कंपन्यांच्या केबल कारखान्यापर्यंत एकाच चरातून आलेल्या होत्या. बिले दोन होती, वाट मात्र एकच होती. जोडणीची निवड नेमकी कोठे चुकते, याचा विचार या अनुभवातून सुरू झाला.

२. प्रवेश-जाळे : संकल्पना

इंटरनेटच्या मार्गाचे तीन भाग कल्पिता येतात. कार्यालयातील अंतर्गत जाळे हा पहिला, देशभर व जगभर पसरलेले मुख्य जाळे हा तिसरा आणि या दोहोंना जोडणारा मधला टप्पा म्हणजे प्रवेश-जाळे होय. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा दाखला येथे उपयुक्त ठरतो. धरणात पाणी विपुल असले आणि घरातील टाकी मोठी असली, तरी नळजोडणी अर्ध्या इंचाची असेल तर पाणी अर्ध्या इंचाचेच मिळणार. शिवाय एका वाहिनीवर अनेक घरांच्या जोडण्या असतील, तर सकाळी सर्वांनी एकदम नळ सोडताच दाब कमी होतो. ब्रॉडबँडच्या बाबतीत हेच घडते. 'शंभर मेगाबिटपर्यंत' या शब्दप्रयोगातील 'पर्यंत' या शब्दाचा अर्थ येथे आहे.

येथे एकक ध्यानात घेणे अगत्याचे आहे. जोडणीचा वेग बिटमध्ये मोजतात, तर फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून शंभर मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट माहिती येऊ शकते. विद्यार्थ्यांच्याच नव्हे, तर व्यावसायिकांच्याही अनेक गैरसमजांचे मूळ या आठाच्या भागाकारात असते.

३. उपलब्ध तंत्रज्ञाने

(अ) तांब्याची तार : टेलिफोनच्या तारेवरून आयएसडीएन या पद्धतीने ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या मिळून १२८ किलोबिट वेग मिळत असे. त्यानंतर आलेल्या एडीएसएल तंत्रज्ञानाने हा वेग ८ मेगाबिटपर्यंत व पुढील सुधारित आवृत्तीने २४ मेगाबिटपर्यंत नेला. मात्र तारेची लांबी वाढत जाते तसा संकेत क्षीण होत जातो. त्यामुळे एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर दूर असलेल्या ग्राहकास या आकड्यांचा लाभ होत नसे. या तंत्रज्ञानाच्या नावातच असममितता आहे : माहिती येण्याचा वेग अधिक व जाण्याचा वेग बराच कमी. घरगुती वापरात माणूस घेतो अधिक व देतो कमी, या गृहीतकावर ही रचना उभी होती. नव्या जोडणीसाठी आज हा पर्याय क्वचितच विचारात घ्यावा लागतो. परंतु त्याचे गृहीतक पुढील तंत्रज्ञानातही टिकून राहिले, म्हणून त्याचा उल्लेख आवश्यक आहे.

(आ) सामायिक ऑप्टिकल फायबर : आज घरोघरी येणारी फायबर जोडणी बहुधा 'जीपॉन' प्रकारची असते. कंपनीच्या केंद्रातून निघालेल्या एका तंतूतील प्रकाश वाटेत विजेविना चालणाऱ्या विभाजकाद्वारे ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटला जातो. हे अंतर सुमारे वीस किलोमीटरपर्यंत असू शकते. त्या एका तंतूची क्षमता येण्याच्या दिशेने सुमारे २.५ गिगाबिट व जाण्याच्या दिशेने सुमारे १.२५ गिगाबिट असते. ३२ ग्राहकांनी एकाच वेळी पूर्ण वापर केल्यास प्रत्येकाच्या वाट्यास येताना जेमतेम ७८ व जाताना ३९ मेगाबिट येतील. प्रत्यक्षात सर्वजण एकाच क्षणी पूर्ण वापर करीत नाहीत. म्हणूनच ही सेवा स्वस्त मिळते व बहुतेक वेळा उत्तम चालते. दोन्ही दिशांना दहा गिगाबिट क्षमता देणारी याच कुळातील पुढील पिढीही आता उपलब्ध आहे.

(इ) समर्पित लीज्ड लाईन : येथेही माध्यम बहुधा फायबरच असते. भेद तंतूचा नसून कराराचा आहे. ठरलेली क्षमता केवळ त्या ग्राहकासाठी राखून ठेवलेली असते, जाण्या-येण्याचा वेग समान असतो, स्थिर पत्ता मिळतो आणि सेवा किती टक्के काळ चालू राहील व बिघाड किती तासांत दुरुस्त होईल, याची लेखी हमी असते. साहजिकच समान वेगाच्या ब्रॉडबँडपेक्षा हिचे भाडे कित्येक पटींनी अधिक असते. हे अधिकचे पैसे वेगासाठी नव्हे, तर हमीसाठी मोजले जातात, हे समजून घेतले पाहिजे.

(ई) बिनतारी जोडणी : भारतात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. त्यानंतर छतावर वा खिडकीत यंत्र बसवून ५जी लहरींवर चालणारी स्थिर जोडणीही मिळू लागली. चर खणावा लागत नसल्याने ती लवकर मिळते व खोदकामाने तुटत नाही. परंतु मनोऱ्यावरील क्षमता परिसरातील सर्वांत वाटली जाते आणि वेग जागेनुसार व वेळेनुसार बदलतो. दोन इमारतींच्या छतांवर समोरासमोर अँटेना बसवून केलेली रेडिओ जोडणी हा आणखी एक प्रकार होय. तिला दोहोंमध्ये निरडथळ दृष्टिरेषा लागते आणि उच्च वारंवारतेच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. कोकण किंवा घाटमाथ्यावरील उद्योगाने हे विसरू नये.

(उ) उपग्रह : भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. विनंती वर जाऊन खाली येणे व उत्तर त्याच मार्गाने परतणे यास प्रकाशाच्या वेगानेही सुमारे अर्धा सेकंद लागतो. पैसे काढण्याच्या यंत्रास तो चालतो. संभाषणास मात्र खटकतो. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरील उपग्रहसमूहांनी हा विलंब पुष्कळ कमी केला आहे. अशी सेवा देणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. जेथे फायबरही नाही व मनोराही नाही, अशा खाणी, धरणे व दुर्गम प्रकल्प यांच्यासाठी उपग्रह हा पर्याय महत्त्वाचा आहे.

४. निवडीचे निकष

४.१ अपलोड क्षमता : व्यवसाय माहिती घेतो तितकीच देतोही. आराखडे, कॅमेऱ्यांचे चित्रण व दैनंदिन बॅकअप ही सर्व माहिती कार्यालयातून बाहेर जाते. दहा गिगाबाइटचा बॅकअप १ मेगाबिट अपलोड वेगाने पाठविण्यास २२ तासांहून अधिक काळ लागतो. १० मेगाबिटने सव्वादोन तासांच्या आत होतो. १०० मेगाबिटने सव्वातेरा-साडेतेरा मिनिटांत उरकतो. म्हणून दर विचारताना 'अपलोड किती?' हा पहिला प्रश्न असावा.

४.२ विलंब व त्यातील चढउतार : फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. दीडशे किलोमीटरसाठी त्यास पाऊण मिलिसेकंद पुरतो. प्रत्यक्षात लागणारा अधिकचा वेळ वाटेतील यंत्रांवरील रांगांमुळे असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. विलंब सतत कमीजास्त होत राहिला, तर पुरेसा वेग असूनही आवाज तुटतो.

४.३ उपलब्धता : ९९ टक्के हा आकडा परीक्षेत उत्तम वाटतो; परंतु जोडणीच्या बाबतीत त्याचा अर्थ वर्षाकाठी सुमारे ८८ तास बंद असा होतो. ९९.५ टक्के म्हणजे सुमारे ४४ तास, तर ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. कराराची हमी वाचताना आणखी एक बाब तपासावी. हमीभंग झाल्यास मिळणारी सूट ही सहसा भाड्याच्या काही भागापुरती असते. बंद पडलेल्या कामाची ती भरपाई नसते.

४.४ मार्ग-स्वतंत्रता : दोन कंपन्या म्हणजे दोन मार्ग नव्हेत. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन स्वतंत्र समुद्री केबल जवळजवळ एकाच वेळी निकामी झाल्या आणि भारतासह अनेक देशांची इंटरनेट सेवा विस्कळीत झाली. मालकी भिन्न होती, भूगोल मात्र सामायिक होता. जागतिक पातळीवर जे समुद्रतळाशी घडले, तेच औद्योगिक वसाहतीतील चरात घडते. खोदकामाने केबल तुटण्याचे प्रमाण कमी व्हावे यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले, यावरूनही प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते.

४.५ वीज : फायबर तुटला नाही तरी कार्यालयातील राउटर व फायबरचे यंत्र वीज गेल्यावर बंद पडते. संगणकांना यूपीएस असतो, पण कोपऱ्यातील त्या लहान पेटीला तो नसतो, असे दृश्य अनेक कार्यालयांत दिसते. अल्पखर्चात होणारी सर्वांत मोठी सुधारणा बहुधा हीच असते.

५. निवडीची पद्धत : एक काल्पनिक उदाहरण

औद्योगिक वसाहतीतील चाळीस कर्मचाऱ्यांचा एक उद्योग कल्पू. पुढील सर्व आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरले आहेत.

प्रथम गरज मोजावी. एका वेळी पाच व्हिडिओ बैठका, प्रत्येकी ३ मेगाबिट, म्हणजे १५. दूरच्या सर्व्हरवर चित्रण पाठविणारे आठ कॅमेरे, प्रत्येकी २, म्हणजे १६. हिशोब, ई-मेल व इतर कामे मिळून १०. एकूण अपलोड ४१ मेगाबिट. त्यावर निम्मी राखीव क्षमता धरली तरी सुमारे ६० मेगाबिट पुरतात. म्हणजे दोन्ही दिशांना १०० मेगाबिटची जोडणी या उद्योगास पुरेशी आहे. एक गिगाबिटची योजना घेतल्याने त्याचे काम दहापट वेगाने होणार नाही.

यानंतर खंडाची किंमत काढावी. वर्षात ३०० दिवस व दिवसाला १० तास, असे ३,००० कामाचे तास धरू. जोडणी बंद असताना ताशी ६,००० रुपयांचे नुकसान होते असे मानू.

एकच ब्रॉडबँड जोडणी ९९ टक्के उपलब्ध असेल, तर कामाचे ३० तास बुडतील व नुकसान १,८०,००० रुपये होईल. ९९.५ टक्के हमीची एकच लीज्ड लाईन घेतल्यास १५ तास बुडतील व नुकसान ९०,००० रुपयांवर येईल. म्हणजे या उद्योगासाठी त्या हमीचे मूल्य वर्षाला ९०,००० रुपये आहे. दोहोंच्या वार्षिक भाड्यातील फरक याहून अधिक असेल, तर केवळ अखंडिततेसाठी ती घेणे परवडणार नाही.

आता ९९ टक्के उपलब्धतेच्या दोन जोडण्या घेऊ. त्यांचे बिघाड पूर्णतः स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याची संभाव्यता एक टक्क्याचा एक टक्का, म्हणजे दहा हजारांत एक. तीन हजार तासांत हा काळ केवळ १८ मिनिटे होतो व नुकसान १,८०० रुपये. दोन साध्या जोडण्या मिळून एका महागड्या जोडणीस मागे टाकतात, असा हा निष्कर्ष मोहक आहे. परंतु तो 'स्वतंत्र' या एका शब्दावर उभा आहे. प्रत्येक जोडणीच्या बिघाडांपैकी केवळ एक पंचमांश बिघाड सामायिक कारणाने, म्हणजे एकच चर, एकच खांब वा एकच वीजवाहिनी यांमुळे, होत असतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ १८ मिनिटांवरून सुमारे ६ तासांवर जातो. नुकसान १,८०० वरून ३६,००० रुपयांच्या पुढे जाते. वीसपट फरक पडतो आणि तो वेगाच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही. वर उल्लेखिलेल्या कारखानदाराचा हिशोब याच जागी चुकला होता.

यावरून अशा उद्योगास एक फायबर व एक बिनतारी जोडणी हे जोडपे दोन फायबर जोडण्यांपेक्षा सामान्यतः श्रेयस्कर ठरते. मात्र मनोऱ्यापर्यंत जाणारी केबलही त्याच चरातून जात असू शकते, म्हणून विक्रेत्यास तो मार्ग विचारावा व शक्य तेथे आपल्या फाटकापासून पुढच्या चौकापर्यंत चालत जाऊन स्वतः पाहावा. एक जोडणी बंद पडताच दुसरीवर आपोआप जाणारा राउटर बसवावा आणि महिन्यातून एकदा मुख्य जोडणी मुद्दाम बंद करून तो खरोखर चालतो का, हे तपासावे. दुसऱ्या जोडणीचा वेग कमी असल्यास त्या काळात कॅमेऱ्यांचे चित्रण व बॅकअप थांबतील, अशी व्यवस्था करावी.

लीज्ड लाईन अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नाही. ज्यांचे सर्व्हर स्वतःच्या आवारात आहेत व ग्राहक बाहेरून त्यांवर येतात, ज्यांचा व्यवसाय दूरध्वनी-संभाषणावर चालतो, किंवा ज्यांच्या ताशी नुकसानीचा आकडा लाखांत आहे, त्यांनी ती घ्यावीच. आणि तिच्या जोडीलाही वेगळ्या वाटेची दुसरी जोडणी ठेवावी.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

आपल्या अभ्यासक्रमांत ही तंत्रज्ञाने बहुधा व्याख्या व कमाल वेग यांच्या तक्त्याच्या रूपाने येतात. असा तक्ता पाठ करणारा विद्यार्थी उद्या वडिलांच्या दुकानात, गावच्या पतसंस्थेत वा एखाद्या कारखान्यात बसून करारावर सही करणार असतो. त्यास तक्त्यापेक्षा पद्धत देणे अधिक उपयुक्त ठरेल. एका स्थानिक व्यवसायास भेट देऊन त्याची अपलोडची गरज, ताशी नुकसान, केबलचा प्रत्यक्ष मार्ग व विजेची सोय यांची दोन पानी नोंद करणे, हा प्रकल्प वाणिज्य व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी संयुक्तपणे सहज करण्याजोगा आहे.

महाविद्यालयांनाही हा विचार टाळता येणार नाही. प्रवेशप्रक्रिया ऑनलाइन आहे आणि अनेक विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वी थोडा वेळ आधी ऑनलाइनच येतात. परीक्षागृहात विद्यार्थी बसलेले असताना जोडणी बंद पडली, तर तिचा वेग शंभर मेगाबिट होता की एक गिगाबिट, याला काहीच अर्थ उरत नाही.

७. निष्कर्ष

१. लघु व मध्यम उद्योगाची वेगाची गरज मोजता येते आणि ती बहुधा जाहिरातीतील आकड्यापेक्षा कमी असते. मोजताना अपलोडला प्राधान्य द्यावे.

२. जोडणीची खरी किंमत भाडे अधिक खंडामुळे होणारे नुकसान अशी धरावी. लीज्ड लाईनचे अधिक भाडे योग्य की अयोग्य, हे या बेरजेवरूनच ठरते.

३. दुसरी जोडणी ही पहिलीपेक्षा माध्यम, मार्ग व वीज या तिन्ही बाबतींत वेगळी असेल तरच ती दुसरी होय. अन्यथा ते पहिल्याच जोडणीचे दुसरे बिल ठरते.

४. पर्यायी व्यवस्थेची नियमित चाचणी हा निवडीचाच भाग मानावा.

तंत्रज्ञान बदलत राहील, वेगाचे आकडेही वाढत जातील. परंतु 'ही जोडणी बंद पडली तर माझे कोणते काम थांबेल, किती वेळ थांबेल आणि तोवर दुसरी वाट कोणती?' हे प्रश्न ९.६ किलोबिटच्या काळात जितके लागू होते, तितकेच पुढेही राहतील.